नापास सीडी

गणिताच्या सरांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, हे सर सोडून सगळ्यांना कळलं होतं. सकाळी त्याचं बटण दाबावं, चहाचं आधण ठेवावं, चहा प्यावा, कप विसळून पालथा घालावा आणि मग येऊन बसावं, तर पडद्यावर नुकतं कुठे 'स्वागत' उमटत असे. त्यात पंख्याचा असा घरघराट, की खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा जिना चढून विचारून गेल्या होत्या, "सर, घरात दमा कुणाला आहे?"

सर म्हणत, "यंत्रालाही विचार करायला वेळ द्यावा. घाईने उत्तर देणारा मुलगा हमखास हातचा विसरतो."

शाळेने सरांना निरोप देऊन बरीच वर्षं झाली होती, पण सरांनी शाळेला काही निरोप दिला नव्हता. सदऱ्याच्या खिशात लाल मार्कर कायम असे. वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल गोल, विजेच्या बिलावर लाल बरोबरची खूण. एकदा तर बायकोच्या वाणसामानाच्या यादीवर त्यांनी 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला होता. त्या दिवशी त्यांना ताट स्वतःच वाढून घ्यावं लागलं आणि आमटीत मीठ नव्हतं, हेही मुकाट्याने गिळावं लागलं.

तर कॉम्प्युटर हळू चालतो याचं सरांना दुःख नव्हतं. दुःख होतं त्यांच्या नातीला.

ही नात लेकीबरोबर दुसऱ्या गावी राहायची. अखंड बडबड करायची, म्हणून घरात तिचं नाव टिटवी. टिटवीला झोपताना आजीची गोष्ट लागे, आणि आजीकडे गोष्टींचा तोटा नव्हता. अस्वलाला कोट शिवणारा शिंपी, बुटात राहणारी म्हातारी उंदरीण, शिंकून शिंकून किल्ला पाडणारा राजा. सगळ्या तिच्याच डोक्यातून निघालेल्या. त्या गोष्टी लेकीने एका सुट्टीत आईला कॉम्प्युटरसमोर बसवून रेकॉर्ड करून ठेवल्या. बरं झालं ठेवल्या. कारण पुढे सरांच्या बायकोच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळं सुखरूप पार पडलं. पण आवाज मात्र बदलला. जाडाभरडा झाला. ती स्वतः हसून सांगे, "आता मी फोन उचलला की पलीकडून लोक 'हां, बोला काका' म्हणतात."

टिटवी मात्र हसली नाही. नव्या आवाजातली पहिलीच गोष्ट ऐकून ती आईला म्हणाली, "ही आजी नाहीये. आजीला बोलाव." तेव्हापासून रोज संध्याकाळी आजी कॉम्प्युटरवर जुन्या आवाजातली गोष्ट लावायची आणि फोन त्याच्या स्पीकरला टेकवून धरायची. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फोन मात्र ती फार घट्ट धरून बसे.

आणि आता कॉम्प्युटर इतका रेंगाळू लागला, की शिंपी सुईत दोरा ओवायच्या आत टिटवी पलीकडे घोरू लागे. लेक एकदा म्हणाली, "बाबा, काहीतरी करा. काल तिने वाट बघून बघून उशीलाच गोष्ट सांगितली."

सरांनी मार्करचं टोपण काढलं. म्हणजे आता ते काहीतरी करणार होते.

*

अशा वेळी शेजारी लागतातच. शेजारच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर राहत. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर कॅशियरांकडे इलाज असे, आणि तो ते न विचारता देत.

"दुरुस्तीवाल्याकडे नेलंत तर मेलात," कॅशियर म्हणाले. "तो आधी मान हलवणार, मग 'नवीन घ्या' म्हणणार. माझ्या मिक्सरलाही 'नवीन घ्या' म्हणाला होता, तोही कॉम्प्युटरवाला असून! सर, सगळं पुसून टाका. मुळापासून. सिस्टिमची सीडी बनवायची, ती घालून मशीन चालू करायचं. मशीन त्या सीडीवरून उठतं, जुनं सगळं धुऊन काढतं आणि नवी सिस्टिम बसवतं. पुनर्जन्मच!"

"आणि गोष्टी?" बायकोने आतून विचारलं. आवाज बदलला तरी कान तेच होते.

"त्यांची आधी वेगळी सीडी काढायची, वहिनी. सोपं आहे. माझ्या भाच्याने केलंय."

कॅशियरांच्या भाच्याने जगातलं सगळंच केलेलं असे. फक्त तो भाचा कुणी पाहिलेला नव्हता.

सरांनी लेकीला फोन लावला. तिने सावकाश, एकेक पायरी सांगितली. गोष्टींचं फोल्डर कुठल्या कप्प्यात आहे, ते अख्खं कसं उचलायचं, सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुठे टाकायचं. "आणि बाबा, शेवटी तो विचारेल, सीडी बंद करू का? तिथे हो म्हणा. विसरू नका."

सर विसरले नाहीत. त्यांनी विचारपूर्वक 'नाही' म्हटलं. सीडीवर अजून भरपूर जागा होती, आणि वहीची शेवटची कोरी पानं फाडून टाकणारा विद्यार्थी सरांना कधीच आवडला नव्हता. उद्या आणखी एखादी गोष्ट घालावीशी वाटली तर?

सीडी लिहून व्हायला सबंध जेवण लागलं. खट्ट आवाज करून कप्पा बाहेर आला, तेव्हा सरांनी गरम सीडी दोन बोटांत कडेने धरली आणि बायकोला दाखवली. "बघ. तुझा आवाज."

"गरम आहे की," ती म्हणाली. तिने सीडीत आपला चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि परत दिली.

सर ती कॉम्प्युटरमध्ये घालून पाहणार, तेवढ्यात कॅशियर आडवे आले. "छे छे! ज्या मशीनने लिहिली त्याच मशीनने तपासायची? सर, तुम्ही शिक्षक ना? परीक्षक बाहेरचा हवा!"

हा मुद्दा सरांना बिनतोड वाटला. वरात कॅशियरांच्या घरी गेली. तिथे टीव्हीखाली एक सीडी प्लेअर होता, कॅशियरांच्या म्हणण्याप्रमाणे 'त्या काळातला सर्वांत भारी'. प्लेअरने सीडी तोंडात घेतली, चघळली, पडद्यावर लिहिलं, 'सीडी नाही', आणि तोंड मिटून घेतलं. ते काही केल्या उघडेना. कॅशियरांनी थापट्या मारल्या, उलटा केला, हलवला. शेवटी कॅशियरांच्या बायकोने आपल्या अंबाड्यातला आकडा काढून एका भोकात खुपसला आणि सीडी सोडवली. सोडवून ती सरांच्या हातात देत म्हणाली, "भावजी, पुन्हा या प्लेअरमध्ये काही घालायचं नाही. हेही नाही," आणि तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यालाही त्यात कुणी घालू नये, असा अर्थ निघावा.

सर घरी आले. मार्कर काढला. सीडीवर ठसठशीत लिहिलं: 'नापास'.

आता इथे जरा थांबून सरांची बाजू मांडली पाहिजे. सर दुष्ट नव्हते. मुलं त्यांच्यावर जीव टाकत. ज्याला बेरीज येत नाही त्याला शाळा सुटल्यावर बसवून, वाटाणे मांडून मांडून शिकवणारे सर होते ते. पण पेपर तपासायला बसले, की त्यांचा हात आणि त्यांचं काळीज यांचा संबंध तुटे. हात लाल होई आणि शेरा मारून मोकळा होई. काळीज नंतर वाटाणे घेऊन बसे.

*

"लेकीची पद्धतच लांबलचक होती," सर म्हणाले. "उगाच कप्प्यात शिर, फोल्डर उचल. या सगळ्या गोष्टी इथे समोर पडद्यावर तर आहेत!"

होत्याच. लेकीने आईला शोधाशोध नको म्हणून प्रत्येक गोष्टीचं एकेक चित्र पडद्यावर मांडून दिलं होतं. चित्रावर दोनदा टिचकी मारली की गोष्ट सुरू. सरांनी ती सगळी चित्रं फुलं खुडावीत तशी एकेक करून उचलली आणि नव्या सीडीवर टाकली.

बायको मागे उभी होती. "अहो, त्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तो वाकडा बाण कसला हो?"

"दिशा दाखवतो तो," सर म्हणाले. आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी फळ्यासमोर उभं राहून कधी म्हटलं नव्हतं, आणि आता सुरुवात करायचं काही कारण नव्हतं. "वस्तू इकडून तिकडे चालली आहे, असा त्याचा अर्थ."

ही सीडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लिहून झाली. सरांचा ऊर भरून आला. "बघितलंस? जेवणाचा वेळ लागत होता, तिथे चुटकी! आणि जागाही किती कमी. पद्धत बरोबर असली की उत्तर असं छोटं येतं."

कॅशियरांचा परीक्षक आकड्याच्या जखमेने बाद झाला होता. शिवाय बाहेरच्या परीक्षकावरून सरांचा विश्वास उडाला होता. त्यांनी सीडी आपल्याच कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पहिल्या चित्रावर टिचकी मारली. बराच वेळ घरघर झाली, आणि मग बायकोचा जुना, स्वच्छ, झऱ्यासारखा आवाज खोलीत आला: "एक होता शिंपी..."

दुसरी लावली, वाजली. तिसरी, वाजली. सरांनी शेवटची गोष्टसुद्धा सोडली नाही. ते कधीच नमुना तपासणी करत नसत. मग सीडीवर लिहिलं: 'पास. उत्तम.' आणि ती कपाटात, इस्त्रीच्या धोतरांखाली ठेवली.

*

सिस्टिमच्या सीडीने मात्र सरांचा घाम काढला. सिस्टिम म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेतलेली एकच भलीमोठी फाइल होती. सरांनी ती होती तशी उचलून सीडीवर ठेवली. कॉम्प्युटरने सीडी पाहिली आणि ढुंकूनही पाहिलं नाही असं दाखवलं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ती फाइल नुसती ठेवायची नसते, उलगडून लिहायची असते. कुणाला शर्ट हवा असताना तुम्ही कापडाचा तागा दिलात." नापास.

दुसरी सीडी सरांनी उलगडून लिहायला घेतली, पण कॅशियरांनी "वेग वाढवा, सगळ्यात जास्त ठेवा" असा धोशा लावला. निम्म्यावर मशीनने आचके दिले. नापास.

तिसरी संथपणे, शिस्तीत, नीट लिहून झाली. तरी कॉम्प्युटर तिच्यावरून उठेना. नापास. चौथीही तशीच. नापास. सरांचं जेवणाखाण्यावरचं लक्ष उडालं. रस्त्यात भेटेल त्याला ते सीडीबद्दल विचारू लागले, आणि रस्त्यात भेटलेला प्रत्येकजण काहीतरी सांगू लागला. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सीडी नेहमी मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. न्हावी म्हणाला, फ्रीजमध्ये ठेवून पाहा. सरांनी तेही केलं. बायकोला दह्याच्या भांड्यावर झाकण म्हणून सीडी सापडली, तेव्हा ती म्हणाली, "विरजण नीट लागलंय. तेवढं तरी पास करा."

अखेर घोळ कळला तो बायकोमुळेच. लेक फोनवर सांगत होती, की मशीन सुरू होताना आधी स्वतःच्या हार्ड डिस्कमध्ये शोधतं, तिथे जुनी सिस्टिम सापडली की सीडीकडे बघतच नाही. तेव्हा आधी सीडीकडे बघ, असा क्रम बदलायचा.

"म्हणजे यांच्यासारखंच की गं," आई म्हणाली. "चष्मा आधी स्वतःच्या खिशात शोधायचा, मग सगळ्या घरात, आणि मला सगळ्यात शेवटी विचारायचं. तो असतो माझ्यासमोर."

क्रम बदलला, आणि कॉम्प्युटर चौथ्या सीडीवरून शहाण्या मुलासारखा उठला. म्हणजे तिसरीही चांगलीच होती, आणि चौथीवरचा 'नापास' हा शेरा चुकीचा होता. सरांनी ही गोष्ट लक्षात घेतली आणि तितक्याच चपळाईने विसरून गेले.

पडद्यावर प्रश्न आला. या यंत्रावरचं सर्व काही कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?

"अहो, नक्की ना?" बायकोने विचारलं.

"कपाटात उत्तम आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी 'हो' दाबलं.

नवा कॉम्प्युटर, म्हणजे जुनाच, पण पुनर्जन्म झालेला, चहाचं आधण ठेवायच्या आत सुरू झाला. घरघर नाही, दमा नाही. सरांनी नर्सबाईंना मुद्दाम वर बोलावून ती शांतता ऐकवली. कॅशियर 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. टिटवी आज वेळेत अंथरुणावर आहे, गोष्ट लावा.

सरांनी धोतरांखालून 'पास. उत्तम.' काढली, घातली, आणि शिंप्याच्या चित्रावर टिचकी मारली.

पडद्यावर आलं: 'ही वस्तू सापडत नाही.'

दुसऱ्या चित्रावर. सापडत नाही. तिसऱ्या. सापडत नाही. शेवटच्यापर्यंत, एकही न सोडता.

तो वाकडा बाण आता सरांकडे बोट दाखवत होता. ती चित्रं म्हणजे गोष्टी नव्हत्याच. गोष्ट कुठल्या कप्प्यात आहे, एवढंच सांगणाऱ्या त्या पाट्या होत्या. सीडीवर नुसत्या पाट्या गेल्या होत्या आणि घर सरांनी स्वतः 'हो' म्हणून पाडलं होतं. मग परीक्षेत ती वाजली कशी? कारण परीक्षा घरच्याच मशीनवर झाली, आणि तेव्हा खऱ्या गोष्टी तिथेच, शेजारच्या बाकावर बसलेल्या होत्या. सीडीने शेजारच्याच्या पेपरात बघून सगळं लिहिलं होतं. ज्या सरांनी बाहीतल्या चिठ्ठ्या आणि पट्टीच्या मागची सूत्रं वर्गाच्या दारातून हेरली होती, त्यांनी या पठ्ठीला 'उत्तम' दिलं होतं.

फोनमधून टिटवीचा आवाज येत होता. "आजी? आजी, लाव ना!"

बायकोने फोन तोंडाजवळ नेला, मग थबकली आणि सरांकडे दिला. "सांगा, आज आजी दमली आहे."

सरांनी सांगितलं. फोन ठेवून ते वळले, तेव्हा वाटलं, आता ती बोलेल. जाड्याभरड्या आवाजात का होईना, चार खडे बोल सुनावेल. तिने नुसता कॉम्प्युटरवरचा कपडा सारखा केला. "असू दे," म्हणाली. "जुनाच आवाज तो."

कॅशियर आणि नर्सबाई पाय न वाजवता निघून गेले. सर खुर्चीवर बसून राहिले. काळीज वाटाणे घेऊन आलं होतं, पण मांडायचे कुणासमोर?

*

सकाळी अंघोळीच्या पहिल्या तांब्याला सरांना उत्तर सापडलं. पहिली सीडी! तिच्यावर पाट्या नव्हत्या, अख्खं फोल्डर होतं. लिहायला सबंध जेवण लागलं होतं. ती नापास झाली ती परीक्षकाच्या हातून, आणि परीक्षक असा, की तोंड उघडायला ज्याला आकडा लागतो. शिवाय सीडी बंद न करण्याचा विचारपूर्वक निर्णय खुद्द सरांचा, आणि बंद न केलेली सीडी असल्या प्लेअरला दिसतच नाही.

सर टॉवेलवर बाहेर आले. "पहिली सीडी कुठे आहे?"

"तुमच्या नापास पोरांना मी कामाला लावलंय," बायको म्हणाली. "गॅलरीत दोऱ्याने टांगल्या. चमकतात, त्यामुळे कबुतरं येत नाहीत. नर्सबाईंना हव्या होत्या, वकिलांना हव्या होत्या, वाटून टाकल्या."

सर गॅलरीत धावले. दांडीला नुसते दोरे लोंबत होते आणि कठड्यावर कबुतरं ओळीने बसली होती.

झालं होतं असं, की सीड्यांचा कवडसा समोरच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन तोंड उघडून बसलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत पडत होता. डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली होती, आणि इमारतीच्या सेक्रेटरीने आदल्या दिवशी सगळ्या गॅलऱ्यांतल्या चमकत्या वस्तू काढून, पोत्यात भरून ऑफिसात जमा केल्या होत्या. सूचना फलकावर तसं लिहिलं होतं. सूचना फलकावर इतकं काही लिहिलेलं असे, की ते कुणीच वाचत नसे.

नर्सबाईंकडून हे कळताच सर सदरा घालून ऑफिसात गेले. सेक्रेटरी टेबलामागे बसला होता. पोतं त्याच्या खुर्चीमागे होतं.

"सर, या या. बसा. अर्ज आणलाय?"

"कसला अर्ज? माझी सीडी आहे त्यात."

"जमा वस्तू परत करायची तर लेखी अर्ज लागतो, सर. नियम आहे. मी केला नाही, पण पाळतो मी."

सरांनी तिथेच एका कागदावर लिहिलं, 'माझी सीडी परत मिळावी,' आणि सही केली. सेक्रेटरीने तो वाचला, हात पुढे केला आणि म्हणाला, "सर, तुमचा लाल पेन जरा देता?" अर्जावर एक रेघ ओढून त्याने तो परत केला. "उत्तर बरोबर असेल, पण पायऱ्या कुठे आहेत? सीडी गॅलरीत का आली, कशी आली, किती आल्या, त्यातली तुमची कोणती. पायऱ्या नसतील तर अर्धेच गुण. तुम्हीच शिकवलंत."

सरांनी चष्मा सावरून त्याच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरचा चेहरा, आता टक्कल पडलेला.

"तू... मागे खिडकीजवळ बसायचास?"

"दोन वर्षं. एकाच वर्गात. तुमच्याच विषयात." सेक्रेटरी हसला. त्याने पोतं पुढे ओढून सरांसमोर उपडं केलं. खळखळ आवाज करत सीड्या टेबलभर पसरल्या. जिकडे तिकडे लाल अक्षरात नापास, नापास, नापास. "आपण मात्र नशीबवान, सर. नापास झालो, पण कुणी गॅलरीत टांगलं नाही."

सर खुर्चीत टेकले. कागद पुढे ओढून त्यांनी पायऱ्या लिहायला घेतल्या. पहिल्या पायरीत लिहिलं, 'परीक्षकाची चूक.' परीक्षक कोण, हेही लिहिलं. कॅशियरांचं नाव टाकण्याचा मोह त्यांना झाला; त्यांनी तो आवरला.

अर्ज पूर्ण व्हायच्या आतच सेक्रेटरीने पोतं खांद्यावर टाकलं. "चला, जिना तुमच्याने चढवणार नाही. आणि मलाही बघायचंय, कोण पास होतं ते."

सरांच्या खोलीत गर्दी जमली. सर एकेक सीडी मधून कडेकडे पुसत आणि कॉम्प्युटरमध्ये घालत. पहिली, कापडाचा तागा. दुसरी, अर्धवट. तिसरी कुणाची तरी भलतीच निघाली. तिच्यात तरुण, सडपातळ कॅशियर कुणाच्या तरी लग्नात खुर्चीवर चढून नाचत होते. कॅशियरांच्या बायकोने ती पूर्ण पाहायचा हट्ट धरला, कॅशियरांनी वीज गेल्याची अफवा उठवली. चौथी, सिस्टिमची. पाचवीवर कबुतराने आपला शेरा मारला होता, लाल शेऱ्याच्या बरोबर खाली. सरांनी ओलं फडकं घेतलं आणि ती हळूहळू, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशी पुसली.

कॉम्प्युटर गुरगुरला. थांबला. पुन्हा गुरगुरला. पडद्यावर एक फोल्डर आलं. त्यात एकाही चित्राला बाण नव्हता.

"एक होता शिंपी," बायको म्हणाली. म्हणजे ती कोपऱ्यात तोंडावर पदर धरून उभी होती आणि तिचा आवाज स्पीकरमधून येत होता. "त्याच्याकडे आलं एक अस्वल. म्हणालं, मला कोट शिव. शिंप्याने कोट शिवला आणि त्याला लावली सतरा बटणं..."

"सतरा कशी?" स्पीकरमधून दुसरा आवाज आला, खणखणीत, मास्तरकीचा. "अगं, दोन्ही बाजूंना सारखी बटणं, म्हणजे सम संख्या यायला हवी."

"अहो, अस्वलाचा कोट आहे. एक बटण शेपटीला."

खोलीत हशा पिकला. सर लाल झाले. पुढची गोष्ट लावली, तिच्यातही ते होतेच. किल्ल्याच्या भिंतीची उंची विचारत होते. उंदरिणीच्या गोष्टीत बुटाचं क्षेत्रफळ काढत होते. एकही गोष्ट त्यांनी सोडली नव्हती.

"हे मधले सगळे मी काढून टाकतो," सर घाईघाईने म्हणाले. "नवीन सीडी करताना."

"हात तर लावून बघा," बायको म्हणाली. आवाज जाडाभरडा होता, आणि इतक्या दिवसांत सरांना तो पहिल्यांदाच अगदी तिचा वाटला. "टिटवी त्या शेपटीच्या बटणासाठीच ऐकते ती गोष्ट."

सीडीच्या तीन प्रती निघाल्या, तिन्ही नीट बंद केलेल्या. परीक्षक तीन: नर्सबाई, डॉक्टरीणबाई आणि सेक्रेटरी. कॅशियरांच्या प्लेअरला निवृत्त करण्यात आलं. पण टिटवीला पाठवायची मूळ सीडीच, आता तीही नीट बंद करून, असं बायकोने ठरवलं. इतकं सोसून पास झालेली तीच, म्हणाली. सरांनी तिच्यावरचा लाल शेरा पुसायचा प्रयत्न केला. साबण लावला, स्पिरिट लावलं, नखांनी खरवडलं. मार्कर चांगला होता. सरांच्या वस्तू नेहमीच टिकाऊ असत.

पुढच्या आठवड्यात सीडी पोचली आणि टिटवीचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"आजोबा, गोष्टी वाजतात! सगळ्या!" आणि मग, श्वास घेऊन, "पण आजोबा, माझ्या आजीला नापास कुणी केलं?"

बायकोने सरांकडे पाहिलं. हातातलं काम बाजूला ठेवून पाहिलं. "सांगा ना," ती म्हणाली. "तिने प्रश्न विचारलाय. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं."

सरांनी घसा खाकरला. खिशातला मार्कर काढून टेबलावर ठेवला. मग फोन बायकोच्या हातात दिला, आणि इतकी वर्षं मुलांना ते जसं वर्गाबाहेर उभं करत आले होते, तसे स्वतःहून खोलीबाहेर जाऊन गॅलरीत उभे राहिले. कठड्यावरच्या कबुतरांनी जरा सरकून त्यांना जागा करून दिली. आतून जाडाभरडा आवाज येऊ लागला, "एक होते सर...", आणि फोनमधून टिटवी ओरडली, "आजी, ही नवीन आहे? सांग, सांग!"